दुसरा चढाईपटू

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा. या पट्ट्यात कबड्डीचा संघ नाही असं गाव शोधावं लागतं. भातकापणी उरकली, शेतं मोकळी झाली की मैदानं आखली जातात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. निमित्त काहीही पुरतं: गावदेवीची जत्रा, मंडळाचा वर्धापनदिन, कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेला चषक. मैदानाभोवती दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या तोंडी मात्र बहुधा एकच नाव असतं, आणि ते चढाई करणाऱ्याचं असतं. कोपऱ्यात उभं राहून चवडे काढणाऱ्या पोराला टाळी मिळते, पण गावाची छाती फुगते ती चढाईपटूवर.

या पट्ट्याने देशपातळीवरची कबड्डीही घरच्या अंगणात पाहिली आहे. २०१९च्या जानेवारीअखेरीस पुरुषांची ६६वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रोह्यात झाली. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी विजेतेपद मिळवलं होतं, त्यामुळे रोह्यात महाराष्ट्र गतविजेता म्हणून उतरला. अजिंक्यपद मात्र रेल्वेने नेलं, अंतिम सामन्यात सेनादलालाच हरवून. रेल्वे आणि सेनादल पुन्हापुन्हा अंतिम फेरीत का दिसतात, याला नोकरी, सराव शिबिरं, वर्षभर एकत्र राहणं अशी अनेक कारणं आहेत. मला त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. या संघांचा पहिला चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, तरी त्यांची चढाई थांबत नाही.

महाविद्यालयाच्या संघाची अडचण नेमकी इथे सुरू होते. पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय घ्या किंवा रोह्याचं डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न, म्हणजे त्यांच्या संघांना मुंबई-ठाण्याच्या तयारीच्या संघांशी भिडायचं असतं. अशा महाविद्यालयात संघनिवडीला पोरं येतात ती आसपासच्या वीस-पंचवीस गावांतून. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला चढाईपटू असतो. गावात त्याला कुणी ‘तू दुसरा जा’ असं म्हटलेलं नसतं, आणि पकडीत तो हात राखूनच खेळलेला असतो, कारण त्याला जपायचं असतं. क्रीडाशिक्षकांच्या हाती पहिल्याच दिवशी पाच-सहा नामांकित चढाईपटू लागतात, कोपरारक्षक एखाददुसरा, आणि दुसऱ्या क्रमांकाने चढाई करायला मनापासून राजी असलेला बहुधा कुणीच नाही.

अशाने संघाच्या आक्रमणाचा तोल बिघडतो. हा तोल म्हणजे काय, ते आधी मैदानावर पाहू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मधल्या रेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला मिळतात ३० सेकंद. या ३० सेकंदांत चढाईपटू गुण मिळवतो तो प्रामुख्याने तीन वाटांनी: हाताने टिपून, पायाने टिपून, किंवा बोनस रेषा ओलांडून. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत, एवढं जमलं की गुण झाला.

वरवर पाहता या तीन वेगळ्या कला आहेत आणि ज्याला जी येते ती त्याने करावी. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या आधाराने चालतात. चढाईपटूचा हात लांब आणि वेगवान आहे हे कळलं की कोपरारक्षक मागे सरकतो, अंतिम रेषेच्या जवळ जाऊन उभा राहतो. तो मागे गेला की बोनस रेषेवरची जागा रिकामी होते आणि पाय टाकायला वाट मिळते. दोन बोनस दिल्यावर कोपरारक्षकाला पुढे यावंच लागतं. तो पुढे आला की पुन्हा हाताच्या टप्प्यात येतो. फक्त बोनसच घेणारा चढाईपटू पहिल्या पाच मिनिटांत ओळखला जातो. कोपरा रेषेवर दबा धरून बसतो आणि पाय पुढे आला रे आला की चवडा धरतो. फक्त हातच मारणाऱ्याचंही तसंच. हात धरून उभी असलेली बचावपटूंची सगळी साखळी दोन पावलं मागे राहते, तो खोल शिरतो आणि मध्यरक्षक त्याला कमरेत घेतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच हिशेब वेगळ्या कपड्यांत दिसतो. तिथे चेंडू काखेत मारून धावत पुढे जाणं ही एक वाट आणि लांब फेकणं ही दुसरी. संघ नुसता धावतच राहिला तर बचाव करणारे सगळे पुढे येऊन गर्दी करतात. अधूनमधून फेक होणार असं वाटलं तरच ते पांगतात आणि धावायला जागा मिळते. खेळ कुठलाही असो, समोरच्याला दोन गोष्टींची धास्ती एकाच वेळी वाटली पाहिजे.

इथपर्यंतचा तोल एकट्या गड्याच्या अंगात असू शकतो. प्रदीप नरवाल, पवन सेहरावत यांच्यासारख्या नामवंत चढाईपटूंच्या अंगात तो दिसलाच आहे. पण कबड्डीला एक नियम असा आहे की एका गड्याचं कौशल्य कितीही असो, ते अर्ध्या सामन्यासाठी गोठून जाऊ शकतं. तो नियम म्हणजे बाद झालेल्या गड्याने बाहेर बसणं.

समजा, पेणच्या एका महाविद्यालयाचा संघ खेळतो आहे. सुरुवातीलाच त्यांचे दोन बचावपटू बाद झाले, आणि चौथ्या मिनिटाला त्यांचा मुख्य चढाईपटू पकडला गेला. गडी परत येतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. म्हणजे हा तिसरा. त्याला मैदानात आणायचं तर संघाने समोरचे तीन गडी बाद केले पाहिजेत. आता चार गडी उरलेत आणि समोर सातच्या सात उभे. अशा वेळी दुसरा चढाईपटू जातो आणि बोनस घेऊन येतो. फळ्यावर गुण वाढतो, टाळ्याही पडतात. पण बोनसने गडी जिवंत होत नाही. तो आणखी एक बोनस आणतो. दोन गुण झाले, आणि मुख्य चढाईपटू होता तिथेच, बाहेरच्या बाकावर. तेवढ्यात समोरच्याने दोन गडी टिपले की उरले दोन. पुढच्या दोन-तीन मिनिटांत सगळा संघ बाद, म्हणजे लोण ठरलेला. लोणाचे दोन जादा गुण, शिवाय प्रत्येक गड्यामागचा एकेक गुण. सात गुणांची दरी पडली, तीही मुख्य चढाईपटू एकदाच पकडला गेल्यामुळे.

हा हिशेब सरावाच्या वेळी पोरांसमोर खडे मांडून करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या चढाईपटूला त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. पहिला आत असताना त्याने बोनस घ्यावा, वेळ काढावा, काहीही करावं. पहिला बाहेर असताना त्याला स्पर्शच हवा. एक गडी टिपला की एक गडी परत. त्याच्या चढाईचा हेतूच बदलतो. बाहेर किती गडी बसलेत आणि मुख्य चढाईपटू रांगेत कितवा आहे, हे मधली रेषा ओलांडण्याआधी ज्याच्या डोक्यात असतं, तो खरा दुसरा चढाईपटू.

प्रो कबड्डीने हे सगळं आकड्यांत दाखवून दिलं आहे. २०१७ साली पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने एका हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. संघ सलग तिसऱ्यांदा विजेता झाला. अंतिम सामन्यात गुजरातवर ५५-३८ अशी मात. एकाच्या खांद्यावर संघ तरतो याचा याहून मोठा पुरावा नको, असं तेव्हा वाटलं. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच प्रदीपने त्याच संघासाठी ३०२ गुण मिळवले. कुठल्याही चढाईपटूला हेवा वाटावा असा हंगाम. पाटणा मात्र बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. प्रदीप बसला की संघ बसायचा, आणि समोरच्या संघांनी ते हेरलं होतं.

त्याच हंगामाचा अंतिम सामना आणखी बोलका. बंगाल वॉरियर्सचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे खेळू शकला नाही. समोर दबंग दिल्ली, त्यांच्याकडे ऐन भरातला नवीन कुमार. बंगालने इराणी अष्टपैलू मोहम्मद नबीबक्ष, सुकेश हेगडे, के. प्रपंजन यांच्यात चढाया वाटल्या आणि सामना ३९-३४ असा जिंकला. पाटण्याची गोष्टही तिथे थांबत नाही. २०२१च्या लिलावात प्रदीप १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्याच्याविना खेळणारा पाटणा त्या हंगामात साखळीत अव्वल राहिला आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून ३६-३७ असा अवघ्या एका गुणाने हरला. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद पटकावलं, तेव्हा त्यांच्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे तिघेजण चढाईला होते. समोरच्याला कुणाला अडवायचं ते ठरवता येत नव्हतं. २०१९चा बंगाल आणि २०२४चं पुणे, दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकच: बी. सी. रमेश. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही ध्यानात ठेवावं. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रिशांक असे एकाहून एक चढाईपटू होते. १९९० पासून पुरुषांचं एकही सुवर्ण भारताने सोडलं नव्हतं. उपांत्य फेरीत इराणने भारताला १८ गुणांवर रोखलं आणि २७ गुण करून सामना जिंकला. नामवंत चढाईपटू पुष्कळ असणं आणि चढाईत तोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या संघात वीस-पंचवीस गावांचे पहिले चढाईपटू गोळा होतात, तेव्हा त्या संघाची अवस्था काहीशी जकार्त्याच्या भारतीय संघासारखी असते.

मग तोल बसवायचा कसा? सगळ्यात अवघड जागेपासून सुरुवात करावी, आणि ती जागा म्हणजे तिसरी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाईपटू बाद. गावच्या सामन्यांत तिसऱ्या चढाईला हमखास मुख्य चढाईपटू धाडतात. समोरच्या बचावालाही तेच हवं असतं. त्याला नुसती निदान रेषा ओलांडून परत जाणं चालणार नाही, खोल यावं लागेल, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून महाविद्यालयाच्या संघात तिसऱ्या चढाईसाठी एक वेगळा गडी घडवावा, ज्याचा धावता हात पक्का आहे असा.

धावता हात म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. समोर पाच गडी आहेत, म्हणजे बोनस नाही. चढाईपटू मधली रेषा ओलांडण्याआधी दम धरतो आणि ‘कबड्डी’ सुरू करतो. पहिली दहा-बारा सेकंदं तो डाव्या कोपऱ्याकडे जातो, पाय दाखवतो, मागे येतो. त्याचं अंग खाली, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी हात धरून उभे आहेत. हात धरलेल्या जोडीतला एक पुढे ओढला गेला की दुसऱ्याचा खांदा उघडा पडतो. चढाईपटू त्या खांद्याचीच वाट पाहतोय. वीस सेकंदं उलटली. तो उजवीकडे झुकतो, साखळी उजवीकडे सरकते. आता मधल्या गड्याचं वजन एका पायावर आहे. इथे तो तिरका धावतो, सरळ आत नाही. त्याचं अंग धावतानाच मधल्या रेषेकडे वळलेलं असतं, फक्त हात मागे राहतो आणि जाता जाता मध्यरक्षकाच्या खांद्यावर किंवा मनगटावर लागतो. थांबून, टिपून, वळून परत यायचं झालं तर वळताना अर्धा सेकंद जातो, आणि पकड नेमकी त्याच अर्ध्या सेकंदात होते. धावत्या हातात वळणंच नाही. बोनस रेषेपासून मधली रेषा पावणेपाच मीटरवर, म्हणजे तीन-चार ढांगांवर. साखळीला त्याच्या पाठीमागून झेपावं लागतं, आणि पाठीमागून मारलेल्या सुरात बहुतेकदा माती हाती लागते.

मातीचा विषय निघालाच आहे, तर एक अडचण सांगायला हवी. पेण-रोह्याची पोरं गावात मातीवर, अनवाणी खेळून तयार होतात. मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. मातीत पाय किंचित घसरतो, त्यामुळे वळताना पोरं अंग अधिक खाली नेतात. ही सवय चांगली. मॅटवर पाय जिथे टाकला तिथेच रुतल्यासारखा थांबतो आणि वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. बचाव करणाऱ्याची झेपही मॅटवर जास्त लांब जाते, कारण पडायची भीती कमी. मातीवर जो धावता हात सहज सुटतो, तो मॅटवर पहिले काही दिवस पकडला जातो. मॅट वर्षभर मिळत नसेल, तरी स्पर्धेआधीचे पंधरा दिवस ती मिळवलीच पाहिजे.

मुलींच्या संघाचा हिशेब थोडा वेगळा. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटर, निदान रेषा तीन मीटरवर. जागा आखूड, त्यामुळे साखळी लवकर आवळते आणि लांब धावायला वाव कमी. तिथे पायाचा वापर वाढवावा लागतो. मागे वळून मारलेली लाथ आणि बसून पुढे फेकलेला पाय या दोन गोष्टी मुलींच्या चढाईत जास्त गुण आणतात.

चढाईचा तोल पकडीतूनही साधतो, हे मात्र मला जरा ठासून सांगायचं आहे. मुख्य चढाईपटू बाहेर असताना त्याला आत आणण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे समोरच्याची एक पकड. त्यातही मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. गडी मात्र एकच परत येतो. अशा वेळी कोपऱ्यात उभा असलेला पोरगा हा त्या क्षणी संघाचा सगळ्यात मोठा आक्रमक असतो. म्हणून निवडीच्या दिवशी जे पाच-सहा ‘पहिले’ चढाईपटू गोळा होतात, त्यांतल्या दोघांना तरी कोपऱ्यात उभं करावं. ज्याने जन्मभर चवड्यावर पकड झेलली आहे, त्याला चढाईपटूचा पाय कधी उघडा पडतो ते इतरांहून चांगलं कळतं. सुरुवातीला त्यांना हे कमीपणाचं वाटतं. घरी, गावात विचारतात, तुला चढाई का नाही देत? क्रीडाशिक्षकांनी त्या पोराशी आणि जमलं तर गावच्या संघाच्या कर्णधाराशीही बोलावं. महाविद्यालयात शिकलेला कोपरा पुढच्या हिवाळ्यात गावच्याच कामी येतो.

पहिल्या चढाईपटूला शिकवायची गोष्ट तर आणखी कठीण, कारण ती त्याच्या स्वभावाविरुद्ध जाते. त्याला रिकामं परतायला शिकवावं लागतं. गावात रिकाम्या हाताने परत आला की लोक ओरडतात. इथे त्याला सांगायचं असतं की आत सात गडी ताजे आहेत, साखळी जुळलेली आहे. निदान रेषा ओलांड, बघून ये, कोण पुढे झुकतो, कोण घाईचा आहे ते ध्यानात ठेव आणि मागे ये. पुढची चढाई दुसरा करेल, तू त्याला काय पाहिलंस ते सांग. चढाई संपवून परतणारा गडी जाणाऱ्या गड्याच्या कानात दोन शब्द बोलतो, असं दृश्य ज्या संघात दिसतं, त्या संघाचा तोल चांगला समजावा.

सामन्याची शेवटची तीन-चार मिनिटं या सगळ्याची परीक्षा घेतात. समजा, चार गुणांची आघाडी आहे. चढाई ३० सेकंदांची, म्हणजे तीन मिनिटांत ठोकळमानाने सहा चढाया, तीन आपल्या, तीन त्यांच्या. एकखांबी संघ इथे आपला हुकमी गडी पुन्हापुन्हा पाठवतो, तो दमलेला असतो, आणि त्याची पकड झाली की समोरच्याला एक गुण मिळतो, त्यांचा एक गडी परत येतो आणि उभारीही येते. तोल असलेला संघ पहिली चढाई दुसऱ्या गड्याला देतो. तो निदान रेषा ओलांडून पूर्ण वेळ काढतो आणि परततो. दुसरी तिसऱ्या गड्याला, तशीच. तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागणार, आणि एरवी वेगळ्या गड्याची असलेली ही चढाई इथे मात्र पहिल्यासाठी राखून ठेवलेली असते. दोन मिनिटं आत उभा राहून त्याचा श्वास जागेवर आलेला असतो, समोरचे गडी आघाडी तोडायला पुढे सरकलेले असतात, आणि पुढे सरकलेल्या गड्यांचे खांदे त्याच्या हाताच्या टप्प्यात असतात.